उत्परिवर्तनाचा अर्थ कोणी लावावयाचा?

कर्करोगाच्या रुग्णाबरोबर रुग्णालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या नातलगांच्या हाती कागदांचे जे भेंडोळे असते, त्यात अलीकडे जनुकतपासणीचा अहवाल हा एक नवा दस्तऐवज दाखल झाला आहे. आणि तो मिळविण्यासाठी घरातला एखादा दागिना गहाण पडलेला असो किंवा विमा कंपनीशी महिनाभर पत्रव्यवहार करावा लागलेला असो, आता रोगाचे मूळ सापडले व औषध ठरले, अशा आशेनेच तो उघडला जातो. काही वेळा त्यात एखाददुसरा बदल स्पष्ट शब्दांत नोंदलेला असतो, त्याच्यापुढे औषधाचे नाव असते, आणि तेवढ्यापुरता तो अहवाल आपल्या किमतीला जागतो. परंतु त्याच अहवालाच्या तळाशी, बारीक टाइपात, आणखी काही बदलांची यादी असते व तिच्यावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारलेला असतो. वैद्य त्या यादीवरून नजर फिरवितो आणि पान उलटतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्या बदलाचा अर्थ कोणासच ठाऊक नाही, त्याच्या आधारे उपचार ठरविणे हा अविचार होय. दोष असलाच, तर तो आपल्या विज्ञानव्यवस्थेचा आहे, आणि त्या दोषाची चर्चा सार्वजनिक व्यासपीठावर होत नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वीस वर्षांत जनुके वाचणे विलक्षण स्वस्त झाले. ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाने आपल्या देशातील सुमारे दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचून काढले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबाद येथील राष्ट्रीय भांडारातून संशोधकांना खुली करण्यात आली, ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे. तथापि पेशवे दफ्तरातील मोडीचा कागद अक्षर लावून वाचता आला म्हणजे त्यातील व्यवहार उलगडला असे होत नाही. वसूल कोणाचा, बाकी कोणाची आणि शिक्का खरा की बनावट, हे ठरविण्यास निराळे ज्ञान व निराळे श्रम लागतात. जनुकांच्या बाबतीत ते श्रम म्हणजे प्रत्यक्ष परीक्षा. रुग्णात आढळलेला बदल जिवंत पेशीत घालून पाहावयाचा, ती पेशी बेबंद वाढू लागते की नाही हे तपासावयाचे, आणि वाढू लागल्यास कोणत्या औषधाने थांबते याची नोंद करावयाची. या परीक्षेचे मुख्य साधन दिसावयास इतके क्षुल्लक आहे, की उद्घाटनाच्या छायाचित्रात ते येऊच शकत नाही. ते म्हणजे नखाएवढ्या नळीच्या तळाशी वाळलेला, डोळ्यांना न दिसणारा डीएनएचा एक अंश: मानवी कायनेजाचे उत्परिवर्तित जनुक धारण करणारा रेट्रोव्हायरल प्लाझ्मिड.

कायनेज हा विकरांचा एक मोठा वंश. एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेटाचा गट उचलून तो दुसऱ्या प्रथिनावर नेऊन बसविणे एवढेच त्यांचे काम. परंतु फॉस्फेट बसला की ते दुसरे प्रथिन जागृत होते, क्वचित निद्रिस्त होते, आणि पेशीने वाढावे की थांबावे, दुभंगावे की मरावे, यांविषयीचे बहुतेक हुकूम याच रीतीने एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोहोचतात. जेरार्ड मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मानवी जनुकसंचाचा धांडोळा घेऊन अशा ५१८ कायनेजांची मोजदाद केली. निरोगी अवस्थेत यांतील बहुतेक विकरांवर कसले ना कसले नियंत्रण असते. एखाद्या अमिनो आम्लाच्या बदलाने ते नियंत्रण सुटले, तर वाढीचा हुकूम कोणी न देताच अहोरात्र सुटत राहतो.

हे ज्ञान मनुष्याला प्रथम कसे झाले, याची हकिकत मोठी मनोवेधक आहे आणि प्रस्तुत विषयाशी तिचा नुसता अलंकारिक संबंध नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या तरुण विकृतिशास्त्रज्ञाकडे प्लिमथ रॉक जातीची, छातीवर गाठ आलेली एक कोंबडी आली. त्याने ती गाठ वाटून, पेशी व जीवाणू अडतील इतक्या सूक्ष्म गाळणीतून तिचा रस गाळला आणि तो निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाकडे समकालीनांनी बव्हंशी दुर्लक्ष केले, आणि नोबेल समितीस जाग यावयास १९६६ साल उजाडले. तेव्हा राउस ८७ वर्षांचे होते. त्या रसात जो विषाणू होता त्याचा वारसा आरएनएच्या रूपात असतो, आणि त्याची डीएनए प्रत काढली जाते, हे हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली परस्परांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केले; पेशीत शिरल्यावर ती प्रत यजमानाच्या गुणसूत्रात कायमची गोवली जाते, आणि अशा विषाणूंना रेट्रोव्हायरस म्हणतात. पुढे १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, राउसच्या विषाणूतील कर्करोग घडविणारे ‘सार्क’ हे जनुक मुळात विषाणूचे नव्हेच. ते निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही नांदत असते व तेथूनच विषाणूने ते कधी काळी उचललेले असते. आणि ते जनुक कसले, याचा छडा १९७८ ते १९८० या काळात लागला: ते टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसविणाऱ्या कायनेजाचे होते. विषाणूच्या प्रतीत त्याचे शेपूट तुटले होते; आणि पेशीच्या मूळ सार्कला आवर घालणारा टायरोसिन नेमका त्याच शेपटात असतो.

म्हणजे उत्परिवर्तित कायनेजाचे जनुक रेट्रोव्हायरसात घालून ते पेशीत पोहोचविण्याचा पहिला प्रयोग निसर्गाने केला, एका कोंबडीवर केला, आणि त्याचा वृत्तान्त समजून घ्यावयास मनुष्याला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. आज प्रयोगशाळांतून जे हेतुपुरस्सर, नियमांच्या चौकटीत केले जाते, ते या नैसर्गिक अपघाताचेच शिस्तबद्ध अनुकरण आहे. ‘विषाणू’ हा शब्द कानी पडताच ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांनी ही परंपरा ध्यानी घ्यावी.

अनुकरण साधले ते एका युक्तीने. रिचर्ड मान, रिचर्ड मलिगन व बाल्टिमोर यांनी १९८३ साली विषाणूच्या संसाराची वाटणी केली. कवच व विकरे बनविणारी जनुके एका विशिष्ट पेशीत कायमची ठेवावयाची. त्या कवचात बसवून घेण्याची खूण मात्र त्या जनुकांतून काढून घेऊन ती केवळ आपणास हव्या असलेल्या जनुकाला जोडावयाची. परिणाम असा की, त्या पेशीतून बाहेर पडणारा विषाणूकण एकदाच एका पेशीत शिरू शकतो, आपला ऐवज तिच्या गुणसूत्रात जमा करतो आणि तेथेच त्याचा वंश खुंटतो, कारण पुढचे कवच विणण्यास लागणारी जनुके त्याच्याजवळ नसतात. १९९० मध्ये जे मॉर्गनस्टर्न व हार्टमुट लँड यांनी या कामासाठी ‘पीबेब’ या नावाने ओळखली जाणारी प्लाझ्मिडांची मालिका रचली. उंदरांत रक्ताचा कर्करोग घडविणाऱ्या मोलोनीच्या विषाणूची दोन टोके, बांधणीची ती खूण, हवे ते जनुक घालावयाची मोकळी जागा, आणि प्युरोमायसिनसारख्या घातक द्रव्यापासून पेशीला वाचविणारे एक जनुक, एवढा त्यातील ऐवज. शिवाय प्लाझ्मिड म्हणजे मुळात जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज नांदणारे डीएनएचे कडे असल्यामुळे जीवाणूत त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता याव्यात अशी तजवीजही त्यात असते.

प्रत्यक्ष काम चालते ते असे. मानवी मूत्रपिंडाच्या गर्भपेशींपासून निघालेल्या, वाटेल ते डीएनए सहज स्वीकारणाऱ्या पेशींत हा प्लाझ्मिड व कवचाच्या जनुकांचे प्लाझ्मिड एकत्र घालतात. दोन दिवसांनी त्या पेशींवरचे पोषकद्रव्य काढून, गाळून, ते लक्ष्य पेशींवर ओततात. आणि मग प्युरोमायसिन घालून, ज्यांना जनुक पोहोचलेच नाही त्या पेशींचा निकाल लावतात. उरलेल्या प्रत्येक पेशीत परीक्षेचे जनुक कायमचे नोंदले गेलेले असते व विभाजनागणिक ते पुढल्या पिढीकडे जाते. त्यानंतरच्या कसोट्या साध्या व सुबक आहेत. उंदराच्या भ्रूणातून आलेल्या एनआयएच ३टी३ पेशी एरवी काचेला धरूनच वाढतात. नवे जनुक कर्करोगकारक असेल तर त्या मऊ अगारात, कशाचाही आधार नसताना, गोळे करून वाढू लागतात. उंदराच्या अस्थिमज्जेतून उपजलेल्या बीए/एफ३ पेशींना इंटरल्युकिन-३ या द्रव्याची रोजची रसद लागते; ती तोडली की त्या मरतात; परंतु बेलगाम कायनेज आत असेल तर रसदीवाचूनही जगतात. मग औषध घालावयाचे. स्वतंत्र झालेल्या पेशी औषधाने मेल्या आणि रसद चालू ठेवलेल्या त्यांच्या बहिणी मात्र जगल्या, तर औषध नेमके त्या कायनेजावरच चालते, अन्यत्र विषबाधा करीत नाही, इतका निःसंदिग्ध निवाडा मिळतो. यात एक अट मात्र पाळावीच लागते: त्याच प्लाझ्मिडात मूळ, निर्दोष जनुक घातलेली एक प्रत आणि विकर मुद्दाम निकामी केलेली दुसरी प्रत, अशा दोन्ही शेजारी हव्यात. एकाने एका साच्यात, दुसऱ्याने दुसऱ्या साच्यात चाचणी घेतली, तर जनुकाचा परिणाम कोणता आणि साच्याचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. समाईक साधनांची निकड किती मूलभूत आहे, हे या एका बाबीवरून कळून यावे.

या परीक्षेने व्यवहारात काय साधले, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगाचे आहे. जेफिटिनिब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले तेव्हा ते थोड्याच रुग्णांना लागू पडे, परंतु ज्यांना लागू पडे त्यांची गाठ आश्चर्यकारक रीतीने विरघळे. हे थोडे रुग्ण कोणते, हे मात्र कोणास सांगता येईना. २००४ मध्ये बोस्टनमधील दोन गटांनी आणि न्यूयॉर्कमधील एका गटाने त्याचे कारण शोधले: अशा रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या कायनेजाच्या जनुकात बदल झालेला होता. कोठे ८५८व्या स्थानी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आलेले, कोठे एकोणिसाव्या एक्झॉनचा, म्हणजे जनुकाच्या एका खंडाचा, लहानसा तुकडा गळालेला. येथेच थांबले असते तर ‘ईजीएफआर बदललेला, सबब औषध द्या’ असा ढोबळ नियम रूढ झाला असता. परंतु पुढल्याच वर्षी बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतील हायडी ग्रॉयलिक, मॅथ्यू मायर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरनिराळे बदल रेट्रोव्हायरल प्लाझ्मिडांत घालून पेशींत तपासले. सर्वांनी पेशींना कर्करोगाच्या वळणावर नेले. पण विसाव्या एक्झॉनमध्ये काही अमिनो आम्ले अधिक घुसलेला बदल औषधाला मुळीच दाद देईना. जनुक तेच, रोगही तोच, आणि उपचाराचा सल्ला मात्र उलटा. अशा विसाव्या एक्झॉनच्या रुग्णांसाठी पहिले खास औषध मंजूर व्हावयास २०२१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत निदान निरुपयोगी औषधाचा खर्च आणि त्याची विषबाधा टळली, ही काही लहान गोष्ट नव्हे. औषध लागू पडलेल्या रुग्णांची गाठ वर्षभराने पुन्हा उठू लागली, तेव्हा ७९०व्या स्थानी थ्रिओनिनच्या जागी मेथिओनिन आल्याचे दिसले. त्याचीही परीक्षा पेशींत झाली, आणि त्यावरचे ओसिमर्टिनिब हे औषध २०१५ मध्ये आले.

रक्ताच्या दीर्घकालीन कर्करोगाची कथाही याच वळणाने गेली. बीसीआर-एबीएल हे जोडजनुकच त्या रोगाचे कारण होय, हा निर्णायक पुरावा जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन व बाल्टिमोर यांनी १९९० मध्ये ते जनुक रेट्रोव्हायरसातून उंदराच्या अस्थिमज्जेत घालूनच दिला. त्या कायनेजाला आवरणारे इमॅटिनिब २००१ मध्ये बाजारात आले. त्या औषधाच्या पेटंटावरून आपल्याकडे झालेला झगडा वाचकांच्या स्मरणात असेल. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यात हरकत घेतली होती आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले. औषध रुग्णाच्या आवाक्यात असावे यासाठी आपण न्यायालयाची पायरी चढलो, हे योग्यच झाले. पण औषधाच्या आधीची जी पायरी, म्हणजे कोणत्या बदलास कोणते औषध हे ठरविणारे ज्ञान, ते आपण आजही बव्हंशी परक्यांच्या परीक्षांतून उसने घेतो, आणि त्याविषयी कोणाची फिर्याद नाही.

ही उसनवारी फार काळ चालणारी नाही, याचे कारण साधे आहे. फुप्फुसाच्या ज्या कर्करोगाला अॅडिनोकार्सिनोमा म्हणतात, त्यात ईजीएफआरचे बदल पाश्चात्त्य गौरवर्णीय रुग्णांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांत, पूर्व आशियातील जवळजवळ निम्म्यांत आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या अभ्यासानुसार आपल्याकडील सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत आढळतात. तंबाखू चघळण्याने होणारे तोंडाचे कर्करोग आपल्याकडे ज्या प्रमाणात आहेत, तसे ते युरोप-अमेरिकेत नाहीत. उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग विपुल, तिकडे तो विरळ. जगातील जनुकसंग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती सर्वांत अधिक असल्यामुळे, आपल्या रुग्णांत दिसणारा एखादा बदल रोगाचा आहे की आपल्या एखाद्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला निरुपद्रवी विशेष आहे, हेही पुष्कळदा ठरत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा आपल्या वाट्याला अधिक येतो तो यामुळे. तो पुसण्याचे काम बोस्टनने किंवा केंब्रिजने आपल्यासाठी करावे, अशी अपेक्षा बाळगणे स्वाभिमानाला धरून नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती व्यवहार्य नाही, कारण ज्या रोगाचे रुग्ण त्यांच्या दारी नाहीत त्यावर ते आपला वेळ खर्च करणार नाहीत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे हे जमणार कसे? अशांना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, प्राध्यापक समर्थांच्या कन्या कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. बाल्टिमोर शहरात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जेथे हेला ही जगद्विख्यात पेशीमालिका जन्मली तेथे, पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या देशातील पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनकर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या संबंधांचा त्यांनी अभ्यास केला. आणि उंदरांच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा तो विषाणू रेट्रोव्हायरसच होय. वातानुकूलन दुर्मीळ, आयात परवान्यांचा जाच आणि परकीय चलनाची चणचण, अशा दिवसांत हे काम झाले. त्या संस्थेचीच पुढची पिढी आज खारघरला आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह कित्येक दशके सांभाळला जात आहे, आणि विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीमालिका पुरवीत आले आहे. कौशल्य नाही असे म्हणण्यास जागा नाही.

उणीव आहे ती साधने एकमेकांच्या हाती देण्याच्या शिस्तीची. सार्वजनिक पैशाने एखाद्या प्रयोगशाळेत चार-सहा वर्षे खपून बदललेल्या कायनेजांचे प्लाझ्मिड तयार होतात; त्यांवर निबंध प्रसिद्ध होतो; ‘विनंती केल्यास साहित्य देण्यात येईल’ असे एक वाक्य त्याच्या शेवटी छापले जाते; आणि विनंतीचे पत्र गेले की कधी उत्तर येत नाही, कधी ज्या विद्यार्थ्याने ते केले तो परदेशी गेलेला असतो, तर कधी प्राध्यापक महाशय सेवानिवृत्त झाल्यावर त्यांचे शीतकपाटच भंगारात निघालेले असते. संशोधकांच्या बैठकीत बसल्यास अशा हकिकती पाहिजे तितक्या ऐकावयास मिळतात. मग दुसऱ्या गावचा संशोधक तेच जनुक पुन्हा घडवितो, त्याच सरकारी तिजोरीतून.

अमेरिकेतही स्थिती याहून बरी नव्हती. हार्वर्डमध्ये संशोधन करताना हवे ते प्लाझ्मिड वेळेवर न मिळाल्याने त्रासलेल्या मेलिना फॅन यांनी २००४ साली दोन सहकाऱ्यांसह ॲडजीन ही ना-नफा संस्था काढली. संशोधकाने आपला प्लाझ्मिड तेथे एकदा ठेवावयाचा. संस्था त्याची अक्षरे पडताळून पाहते, त्याच्या प्रती काढते, कायदेशीर कराराची मखलाशी सांभाळते आणि मागेल त्या विद्यापीठाला माफक शुल्कात तो पाठविते. तेथील संग्रह आज एक लाखाच्या पुढे गेला आहे. ग्रॉयलिक-मायर्सन यांचे ते ईजीएफआरचे प्लाझ्मिड तेथे आहेत आणि मानवी कायनेजांची पाचशेहून अधिक जनुके असलेला संचही आहे. भारतीय प्रयोगशाळा ते मागवितात, डॉलर मोजतात, जकातीच्या दफ्तरातून सोडवून घेतात. हे सर्व ठीकच. परंतु त्या संचांत भारतीय रुग्णांत सापडलेले बदल आपोआप येऊन बसणार नाहीत.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत गंभीर, सुरक्षेचा. निरोगी पेशीला कर्करोगाच्या वाटेला लावणारे जनुक, तेही विषाणूच्या कवचात, म्हणजे साधी बाब नव्हे हे कबूल केले पाहिजे. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर मोलोनीच्या विषाणूपासून बनविलेल्या वाहकाने जनुकोपचार झाले. मुले बरी झाली. पण काही वर्षांतच त्यांपैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाला, कारण वाहक एलएमओ२ या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला होता. ही घटना विसरून चालणार नाही. तथापि तेथे वाहक बसलेल्या पेशी जाणूनबुजून मनुष्याच्या शरीरात घातल्या होत्या. येथे वाहक काचेच्या थाळीत राहतो. केवळ उंदीर-घुशींच्याच पेशींत शिरू शकेल असे कवच निवडण्याची सोय आहे. आणि पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती बंधनकारक केलेली आहे. समितीच्या बैठका वेळेवर व्हाव्यात, नोंदवही कोरी राहू नये, एवढी दक्षता घेतल्यास हा धोका आटोक्यातला आहे. संग्रहात ठेवलेला नुसता प्लाझ्मिड तर विषाणूही नव्हे.

दुसरा आक्षेप संशोधकांचा: आमच्या श्रमांवर दुसरा श्रेय मिळवील. हे भय मानवी आहे, म्हणून त्याची टिंगल मी करणार नाही. पण निबंध प्रसिद्ध होईपर्यंत प्लाझ्मिड स्वतःजवळ ठेवण्याची मुभा दिली म्हणजे त्यातील न्याय्य अंश संपतो. खाजगी कंपन्या फुकट लाभ उठवतील, या तिसऱ्या आक्षेपाला उत्तर कराराच्या मसुद्यातच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने १९९५ मध्ये तयार केलेला एकसारखा करारनामा शिक्षण व संशोधन यांपुरता वापर मोकळा ठेवतो आणि व्यापारासाठी स्वतंत्र वाटाघाट करावयास लावतो. आपणास तो जसाच्या तसा घेण्यासही कोणी मनाई केलेली नाही.

खर्चाचा आक्षेप मी मुद्दामच शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत दुबळा आहे. जनुके वाचणाऱ्या एका मोठ्या यंत्राच्या किमतीत प्लाझ्मिडांचा संग्रह पुष्कळ वर्षे चालेल; काही शीतकपाटे, अखंड वीज, आणि अक्षरे पडताळून पाहणारी पाच-दहा शिकलेली माणसे एवढाच त्याचा संसार. मात्र ती माणसे कायम नेमणुकीवर हवीत. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या तुटपुंज्या वेतनावर नेमलेल्या आणि प्रकल्प संपताच निरोपाचा नारळ मिळणाऱ्या तरुणांच्या भरवशावर कोणताही संग्रह टिकत नाही. आपल्याकडे यंत्रे घ्यावयास पैसा मिळतो आणि माणसे ठेवावयास मिळत नाही, हा रोग केवळ विज्ञानखात्याचा नाही. पण येथे त्याची किंमत रुग्ण मोजतो.

म्हणून मागणी अशी आहे. जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि नव्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, या तिघांनी आपल्या अनुदानपत्रांत एक अट घालावी: सार्वजनिक पैशाने तयार झालेला प्रत्येक प्लाझ्मिड, निबंध प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांत, पडताळणीसह सार्वजनिक संग्रहात जमा झाला पाहिजे, न झाल्यास पुढील हप्ता तहकूब राहील. संग्रहासाठी नवी इमारत बांधण्याच्या भरीस पडू नये. पेशी आणि सूक्ष्मजीव सांभाळण्याचा अनुभव ज्या पुण्यात आहे तेथेच त्याची सोय होऊ शकते. टाटा स्मारकासारख्या रुग्णालयांतून ‘अर्थ अनिश्चित’ शेऱ्याच्या कायनेजबदलांची यादी वर्षातून एकदा एकत्र व्हावी, त्यांतील वारंवार दिसणारे बदल देशातील प्रयोगशाळांनी वाटून घेऊन पेशींत तपासावेत, आणि निष्कर्ष सर्वांस खुले असावेत. आणि ज्या वाचकाच्या घरात असा अहवाल आलेला आहे, त्याने आपल्या वैद्यास पुढच्या भेटीत एवढेच विचारावे की, तळाच्या यादीतील बदलाची परीक्षा कोठे चालू आहे काय. उत्तर बहुधा नकारार्थी येईल. तो नकार आपल्या खासदाराला लेखी कळवावा.